चकाकी सगळ्यात शेवटी

भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे टाकून डोंगरी-तारोडीकडे लागला की हवेतलं मीठ जाणवायला लागतं. खिडकीचे गज, दाराच्या बिजागऱ्या, सायकलची साखळी, कशालाच ते सोडत नाही. लोखंड तांबडं पडतं म्हणून त्याचं दुखणं लगेच दिसतं. अ‍ॅल्युमिनियम तांबडं पडत नाही. आधी त्याचं पाणी जातं, मग त्यावर दुधाळ साय धरते आणि एखाद्या पावसाळ्यानंतर नटांच्या भोवती पिठासारखी पांढरी पूड साचलेली दिसते. बोट फिरवलं की पूड निघते आणि खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे हाताला लागतात. ट्रकच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांचं म्हातारपण इथे असं सुरू होतं.

ही चाकं पुन्हा नीट कशी करायची, ते या लेखात क्रमानं सांगतो. शब्दांचं आधी सांगायला हवं. टायरच्या आतल्या धातूच्या भागाला आपल्या गॅरेजांत डिस्क म्हणतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांच्या डिस्क आजही स्टीलच्याच असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या डिस्क दिसतात त्या काही टँकरना, बल्करना, कुणी हौसेनं बसवल्या असतील तर एखाद्या टेम्पोमालकाच्या गाडीला. शिवाय भंगारात येतात, आणि जुन्या डिस्क पुन्हा वापरात आणण्याची गोष्ट बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

ट्रकसाठी घडीव अ‍ॅल्युमिनियमचं चाक अमेरिकेतल्या अल्कोआ कंपनीनं १९४८ मध्ये आणलं. कारण साधं होतं. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७ आणि स्टीलची ७.८५, म्हणजे तेवढ्याच आकाराचं अ‍ॅल्युमिनियम जवळपास तिप्पट हलकं. पण ते स्टीलइतकं ताकदवान नसल्यानं डिस्क जाड करावी लागते, आणि शेवटी वजन साधारण निम्म्यावर येतं. साडेबावीस इंची ट्यूबलेस टायरची स्टीलची डिस्क ढोबळमानानं पस्तीस-चाळीस किलोची, तर अ‍ॅल्युमिनियमची वीस-पंचवीस किलोची. दहा-बारा चाकांच्या गाडीत हा फरक दीड-दोनशे किलोंवर जातो. टँकरवाल्याला तेवढा माल जास्त भरता येतो. चकाकी हा त्या चाकाचा वरचा गुण आहे, मूळ गुण नव्हे. हे मनात ठेवलं की पुढच्या कामात काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे बरंचसं आपोआप कळतं.

अ‍ॅल्युमिनियम आपल्याला अनोळखी नाही. आजीच्या स्वयंपाकघरात ते ‘जर्मनचं पातेलं’ म्हणून होतं. त्यात चिंचेचं सार ठेवायचं नाही, खाण्याचा सोडा घालून काही उकळायचं नाही, हे तिला कुणी रसायनशास्त्र न शिकवता माहीत होतं. आंबट आणि खार, दोन्ही या धातूला बाधतात. उघड्या हवेत अ‍ॅल्युमिनियमवर लगेच त्याच्याच ऑक्साइडचा एक पापुद्रा धरतो, काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा. तो धातूला घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, खाली ओल पोचू देतो, म्हणून लोखंड आतपर्यंत खाल्लं जातं. अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा मात्र एकदा बसला की टिकतो. फक्त मिठातलं क्लोराइड त्याला ठिकठिकाणी भेदतं. जिथे भेदलं तिथे खड्डा पडतो, खड्ड्यात खारी ओल अडकते आणि खड्डा खोल होत जातो. म्हणून समुद्रकाठच्या डिस्कचा चेहरा सरसकट झिजत नाही, तो देवीच्या व्रणांसारखा होतो.

दुसरं दुखणं जोडीचं. अ‍ॅल्युमिनियमची डिस्क लोखंडी ड्रमला आणि हबला टेकून बसते. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच तयार झाली. त्या बॅटरीत झिजायचं काम अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्याला येतं. उत्तन-पाली-चौकहून मासळी घेऊन निघणाऱ्या टेम्पोत बर्फ वितळतो, मासळीचं खारं पाणी फळ्यांच्या फटींतून थेट मागच्या चाकांवर ठिबकतं. गाडी चालत असते तोवर ते निदान उडून जातं. खरं नुकसान होतं ते १ जून ते ३१ जुलै या मासेमारीच्या बंदीत. गाडी दोन महिने गवतात उभी, डिस्कच्या मागच्या पोकळीत खारवलेला चिखल, वर पाऊस. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला चाक काढायला जावं तर ते हबला असं धरून बसलेलं असतं की लाकडी ठोकळा आणि घण आणावा लागतो. इथे लोखंडी घण थेट डिस्कवर मारू नये. मारलेला घाव पुढे पॉलिशखालीही दिसतो, आणि कडेवर बसला तर तडा तिथूनच सुरू होतो.

आता काम. गाडी सपाट जागी, ठोकळे लावून, जॅकवर आणि जॅकशिवाय घोडीवरही. दुहेरी चाक असेल तर नट सैल करण्याआधी दोन्ही टायरांच्या वॉल्व्हच्या पिना काढून हवा पूर्ण सोडायची. टायर डिस्कवरून उतरवल्याशिवाय नीट काम होत नाही. टायर चढवलेला ठेवून वरवर पॉलिश मारणाऱ्यांना मी दोष देत नाही, तेही पोटासाठीच करतात, पण त्यात डिस्कची सगळ्यात महत्त्वाची जागा बघितलीच जात नाही. ती जागा म्हणजे टायरची कड जिथे बसते ती बैठक. ट्यूबलेस टायरची हवा याच बैठकीवर अडलेली असते. तिथे पांढरी पूड धरली की रोज थोडी थोडी हवा उतरते. पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून भोक शोधत राहतो आणि भोक काही सापडत नाही.

टायर उतरला की डिस्क धुवायची, आणि लगेच तपासायची. पॉलिशच्या आधी. हा क्रम उलटा करणारे खूप लोक पाहिले आहेत: दिवसभर घासून आरसा करतात आणि मग नटाच्या भोकाजवळ केसासारखा तडा दिसतो. तडे येतात त्या जागा ठरलेल्या आहेत: नटांच्या भोकांभोवती, हवेसाठी ठेवलेल्या मोठ्या भोकांच्या कडांना, आणि टायरच्या बैठकीकडे वळणाऱ्या कोपऱ्यात. नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात तीन डब्यांचा संच मिळतो, साफ करायचं द्रव, लाल रंग आणि पांढरा फवारा. जागा साफ करून लाल रंग लावायचा, डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यायचा, वरचा रंग पुसून काढायचा आणि पांढरा फवारा मारायचा. तडा असेल तर आत शिरलेला रंग पांढऱ्यावर बारीक लाल रेघ होऊन वर येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला पाटीवर कुणी आतून लिहितंय असं वाटलं होतं.

लाल रेघ दिसली की त्या डिस्कचा प्रवास संपला. तिला वेल्डिंग करू नये. यामागचं कारण सांगितल्याशिवाय मिस्त्री ऐकत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे, म्हणून सांगतो. घडीव डिस्क बहुधा ६०६१ नावाच्या मिश्रधातूची असते, अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन. तिची ताकद धातूत जन्मजात नसते, ती उष्णतेच्या उपचारानं आणलेली असते. आधी सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड करतात, मग पावणेदोनशे अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. वेल्डिंगची आच लागली की त्या पट्ट्यातला हा उपचार पुसला जातो आणि धातू मऊ पडतो. वरून सांधा सुंदर दिसतो, शेजारची जागा मात्र निम्म्या ताकदीची राहिलेली असते. गॅसनं तापवून वाकडी डिस्क सरळ करणं हेही त्याच पापातलं. ब्रेक पेटून काळपट झालेली, रंग बदललेली डिस्कसुद्धा बाद समजावी. स्टीलची डिस्क तापली तर आधी तांबडी होऊन इशारा देते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळेपर्यंत लाल होतच नाही, त्यामुळे ती किती तापली होती हे बघून कळत नाही.

डिस्कवर ठोकलेले आकडे वाचून ठेवावेत. माप, बनल्याची तारीख, किती भार पेलेल ते. भंगारातून आणलेल्या डिस्कवर हे आकडे कुणी घासून काढलेले असतील तर ती घेऊच नये. स्वस्त मिळाली तरी.

आता साफसफाई. पाणी, भांडी घासायचा सौम्य साबण, मऊ कुंचा. पाण्याबद्दल मात्र चोखंदळ राहायला हवं, कारण समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असू शकतं आणि मचूळ पाण्यानं मीठ धुणं म्हणजे उलटं मीठ लावणं. शेवटचा हात नळाच्या किंवा टँकरच्या गोड पाण्याचाच हवा. डिस्क थंड असताना, सावलीत. तापलेल्या डिस्कवर पाणी जागीच सुकतं आणि डाग धरतात.

झटपट उपाय म्हणून दोन बाटल्या पुढे केल्या जातात. एक फरशी धुवायच्या अ‍ॅसिडची. ते म्हणजे हायड्रोक्लोरिक, त्यात क्लोराइड भरलेलं, ज्यानं चाक खराब झालं तेच आपण वरून ओततो. पांढरी पूड क्षणात जाते, डिस्क करडी पडते आणि महिन्याभरात दुप्पट खड्डे दिसतात. दुसरी कॉस्टिक सोड्याची. अ‍ॅल्युमिनियमवर पडला की तो फसफसतो, बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो आणि धातू अक्षरशः विरघळत असतो. बाजारातल्या काही ‘व्हील क्लीनर’मध्ये हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं, ते तर हातानं उचलूच नका. कातडीवर सुरुवातीला फारसं झोंबत नाही, आत हाडापर्यंत जातं. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पोराच्या हातात ती देऊ नये, एवढं तरी प्रत्येक गॅरेजमालकानं पाळावं.

आधीच्या मालकानं लावलेलं लॅकर असेल तर त्याखाली किड्यांनी माती पोखरावी तशा बारीक नागमोडी रेघा दिसतात. दगड लागून लॅकरला टोचा पडतो, मीठ आत शिरतं आणि कवचाखालून सरपटत जातं. असं लॅकर रंग काढायच्या जेलनं, मोकळ्या हवेत, रबरी मोजे घालून पूर्ण उतरवावं लागतं. अर्धं ठेवून अर्ध्यावर पॉलिश चढत नाही.

इथे थांबून ठरवायचं: आरसा हवा की नुसती निरोगी डिस्क? माझं मत स्पष्ट आहे. मासळीच्या गाडीला आरसा करू नये. ज्या चाकावर रोज खारं पाणी गळणार आहे त्यावर दिवसभराची मेहनत आठवड्यात साय धरते. त्या डिस्कला एकसारखी घासणी देऊन चांगला रंग द्यावा. जी गाडी हमरस्त्यावर चालते, रात्री गावात परत येते आणि जिचा मालक आठवड्यातून एकदा तिला धुतो, तिला उघडं पॉलिश शोभतं आणि टिकतंही.

आरशाचं काम घासण्यापासून सुरू होतं. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घ्यायचा. किती जाड कागदापासून सुरुवात करायची हे खड्डे ठरवतात. नुसती साय असेल तर ४०० पुरे, खड्डे हाताला लागत असतील तर २२० किंवा त्याखाली १२०. मग ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५००. गाळून उडी मारली तर वेळ वाचत नाही. १२० च्या चरा ६०० चा कागद काढू शकत नाही, त्या नुसत्या गुळगुळीत होतात आणि पॉलिशनंतर उन्हात उघड्या पडतात. सोपी युक्ती अशी, प्रत्येक कागदाची दिशा बदलायची. आधीचा गोल फिरवला असेल तर पुढचा आडवा. आडव्या रेघांत एकही गोल रेघ दिसेनाशी झाली की तो कागद संपला. मग डिस्क धुवायची, कापड बदलायचं, पाणी बदलायचं. जुन्या कागदाचा एक कण नव्या पाण्यात राहिला तर तो सगळीकडे ओरखडे ओढत जातो.

खड्ड्यांच्या मागे कुठवर जायचं? एका खड्ड्यापुरतं दाबून घासलं तर तिथे खळगा होतो आणि चकाकी आल्यावर तो मोठ्या लाटेसारखा दिसतो. आजूबाजूची जागा हळूहळू उतरवत न्यावी लागते. आणि काही खड्डे राहू द्यावे लागतात. पुढच्या तोंडावर, दिसण्यापुरत्या भागात घासायला हरकत नाही. नटांच्या भोकांभोवतीची सपाट जागा, हबला टेकणारी मागची बाजू आणि टायरची बैठक इथे धातू कमी करायचा नाही. तिथली पूड बारीक नायलॉनच्या पॅडनं काढायची, बस. बैठकीत पॅडनं न भरून येणारे खोल खड्डे असतील तर ती डिस्क ट्यूबलेसच्या कामाची नाही.

पॉलिशची कला शिकायला भाईंदरकराला लांब जावं लागत नाही. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणारे आणि पॉलिश करणारे छोटे कारखाने वर्षानुवर्षं आहेत. तिथल्या बफवर पातेल्याचा करडा पत्रा चार-पाच हातांत चांदीसारखा होतो. त्या कारागिरांचं मनगट बघण्यासारखं असतं. भांडं बफवर दाबलं आहे असं वाटतच नाही, ते बफवर तरंगत असतं. अ‍ॅल्युमिनियमला हीच कला लागते, पण दोन बदल करून. स्टीलवर वापरलेला बफ अ‍ॅल्युमिनियमला लावायचा नाही. त्यात अडकलेले लोखंडी कण मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात, नंतर तिथे तांबडे ठिपके येतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती मघाशी सांगितलेली बॅटरी सुरू होते. दुसरा बदल दाबाचा. स्टील दाब सहन करतं, अ‍ॅल्युमिनियम तापून चिकट होतं, धातू सरकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत उमटतो. तो पोत आला की मागे फिरून पुन्हा कागदावर यावं लागतं.

डिस्क बफवर धरता येत नाही, ती वजनी असते, म्हणून बफ हातातल्या पॉलिशरला लावून डिस्कवर फिरवतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्या मारतो. त्याला मोठा बफ लावणं जिवावर बेतू शकतं, बफवर लिहिलेल्या कमाल फेऱ्या पाळायच्याच. वेग बदलता येणारा सात इंची पॉलिशर दोन-तीन हजार फेऱ्यांवर चालवावा. आधी घट्ट शिवणीचा सुती बफ आणि तपकिरी साबण. साबण म्हणजे चरबी-मेणात मळलेल्या घासणाऱ्या पुडीची वडी. तो कापण्याचं काम करतो. मग मऊ, मोकळ्या पाकळ्यांचा बफ आणि अ‍ॅल्युमिनियमसाठीचा पांढरा साबण, तो पाणी आणतो. प्रत्येक साबणाचा बफ वेगळा ठेवायचा.

हाताची चाल इथे सगळं ठरवते. बफ ज्या दिशेनं फिरतो त्याच्या उलट पॉलिशर ओढला की बफ कापतो. त्याच दिशेनं हलक्या हातानं नेला की चमक येते. पहिल्या फेऱ्या उलट, शेवटच्या सुलट. साबण थोडा लावायचा. जास्त झाला की काळे पट्टे उमटतात आणि शिकाऊ माणूस ते घालवायला आणखी साबण लावतो. एका वेळी तळहाताएवढी जागा घ्यायची. आधी ती जागा काळी पडते, मग त्या काळ्यातून एक निळसर झाक वर येते, आणि बफ हलकेच उचलला की समोर आपला चष्मा दिसतो. शेवटी राहिलेला चिकट काळपटपणा कोरड्या मैद्याची चिमूट टाकून मऊ सुती कापडानं पुसावा. मैदा चरबी ओढून घेतो आणि ओरखडा पाडत नाही. एका डिस्कला, खड्डे असतील तर, हाताच्या कामाचा पूर्ण दिवस जातो. पैसे ठरवताना मालकांनी हे लक्षात घ्यावं.

धुळीबद्दल बोलायलाच हवं. अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ हवेत दाट झाली आणि ठिणगी मिळाली तर तिचा स्फोट होतो. आणि गंजलेल्या लोखंडाच्या पुडीत मिसळून पेटली तर रेल्वेचे रूळ जोडायला वापरतात ती थर्माइटची प्रक्रिया होते. म्हणून ज्या कोपऱ्यात लोखंड घासलं जातं तिथेच अ‍ॅल्युमिनियम घासू नये, दोघांची धूळ एका पिंपात साठवू नये, आणि त्या धुळीला आग लागली तर पाणी मारू नये, कोरडी वाळू टाकावी. दगडी ग्राइंडिंग चाकावर अ‍ॅल्युमिनियम धरू नये, ते भरून बसतं, तापतं आणि फुटतं. डोळ्यांना गॉगल, नाकाला चांगला मास्क. रुमाल बांधून भागत नाही. गळ्यातला गमछा आणि सैल बाह्या बफपासून दूर. पॉलिशच्या कारखान्यांतून संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या माणसांचे काळे चेहरे आपण पाहतो, तेवढंच काळं त्यांच्या छातीत जातं हे आपल्याला दिसत नाही. काम देणाऱ्यानं मास्कचे पैसे मजुरीत धरावेत.

आरसा झाला, आता तो राखायचा कसा? उघड्या पॉलिशवर मेणाचं किंवा तत्सम सीलंटचं पातळ बोट, दर दोन-तीन आठवड्यांनी, आणि आठवड्याला गोड्या पाण्यानं धुणं, मागच्या बाजूनंही. बांधकामाच्या साइटवर जाणाऱ्या गाडीवर ओलं सिमेंट उडालं तर त्याच दिवशी धुवायचं. ओलं सिमेंट खारट नसलं तरी सोड्याच्या जातीचं तीव्र असतं आणि रात्रीत डाग खोदतं. आरशावर लॅकर मारण्याचा मोह होतो. गुळगुळीत आरशाला ते नीट धरत नाही आणि पहिल्या दगडानंतर कवचाखाली नागमोडी रेघा सुरू होतात. आमच्या हवेत मी ते मारत नाही.

रंग द्यायचा असेल तर पृष्ठभाग आरशासारखा नको, बारीक खरखरीत हवा. ३२० चा हात, चरबी काढायचं द्रव, त्यावर अ‍ॅल्युमिनियमसाठीचा एच प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर, मग दोन भाग मिसळून लावायचा पीयू रंग. या रंगाच्या फवाऱ्यात फुप्फुसांना घातक आयसोसायनेट असतं, साध्या मास्कनं ते अडत नाही. भट्टीतलं पावडर कोटिंग दिसायला मजबूत, पण भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते आणि वर सांगितलेला ताकदीचा उपचार त्याच्याच आसपास केलेला असतो. भट्टीवाल्याचं तापमानावर आणि वेळेवर लक्ष नसेल तर डिस्क मऊ पडू शकते. डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं परवानगी दिली असेल तरच तो मार्ग घ्यावा. रंगाचं काम दसऱ्यानंतर काढावं. पावसाळ्यात तारोडीच्या हवेत रंग पांढुरका पडतो.

आणि रंग कुठे लावायचा नाही, ते मी स्वतः पैसे घालवून शिकलो. एका दुकानात दिलेल्या डिस्क दोन्ही बाजूंनी जाड रंगवून आल्या, नटांच्या बैठकीवर आणि हबला टेकणाऱ्या तोंडावरसुद्धा. दिसायला देखण्या. नट पूर्ण ताणले होते. चारेक दिवसांनी नटाभोवती बारीक काळपट रेघ दिसली, पाना लावला तर नट हातानं फिरावा इतका सैल. झालं होतं असं की दाबाखाली रंगाचा थर चेपला आणि तेवढा ताण गेला. चाक डिस्कच्या भोकांनी नाही, नटांच्या ताणानं धरलेलं असतं. मध्ये चेपणारी कुठलीही वस्तू, रंग, ग्रीस, पांढरी पूड, हा ताण खाते. म्हणून टेकणाऱ्या सगळ्या जागा धातूवर धातू, कोरड्या आणि स्वच्छ.

बसवताना तीन गोष्टी. हबच्या ज्या कडेवर डिस्क मध्यभागी बसते तिथे ग्रीसचा पुसट हात द्यावा म्हणजे पुढच्या वेळी घण लागणार नाही, पण टेकणाऱ्या सपाट तोंडावर ग्रीस नको. स्टडच्या आट्यांवर तेलाचे दोन थेंब. आणि स्टीलच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची डिस्क येत असेल तर स्टड पुरतात का ते बघा. अ‍ॅल्युमिनियमची डिस्क जाड असते, मागची दुहेरी असेल तर दोन डिस्कांची जाडी. नट पूर्ण आवळल्यावर त्याच्या सगळ्या आट्या स्टडवर चढल्या पाहिजेत. जुन्या स्टीलसाठीचे आखूड स्टड तसेच ठेवून अ‍ॅल्युमिनियम बसवणं हा सगळ्यात धोकादायक जुगाड आहे. नट समोरासमोरच्या जोड्यांनी, आधी हलके, मग पूर्ण. हबवर मध्यभागी बसणाऱ्या, २२ मिलिमीटरच्या स्टडच्या डिस्कला साधारण ६१० ते ६८० न्यूटन-मीटर ताण लागतो. मीटरभर दांड्याच्या टोकाला पासष्ट किलोचा माणूस लोंबकळला तर जवळपास तेवढा. पण अंदाजावर जाऊ नये. आपल्या गाडीचा आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो आणि टॉर्क पाना आता मोठ्या टायरवाल्यांकडे मिळतो.

काम इथेही संपत नाही. नवीन बसवलेलं चाक पहिल्या फेरीत थोडं बसतं आणि नटांचा ताण उतरतो, म्हणून ८० ते १६० किलोमीटरच्या आत नट पुन्हा तपासायचे असतात. तारोडीहून गुजरातच्या दिशेनं निघालेली गाडी चारोटी नाक्यावर चहाला थांबते तेव्हा साधारण तेवढं अंतर झालेलं असतं. पाना गाडीतच ठेवा, आणि चहा यायच्या आत सगळे नट बघून घ्या.